शिंगाळ्याचा जामीन

पिंपरीच्या नव्या कॉलनीत आमच्या वाट्याला अर्धी क्वार्टर आली होती. एक खोली आमची, एक शेजाऱ्यांची, मधला व्हरांडा आणि मोरी सामाईक. आम्ही चाकणकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या तुळशीची माळ. शेजारी रत्नागिरीकडचे, मासळीशिवाय त्यांना घास उतरत नसे. दोघींचे नवरे औषधांच्या कारखान्यात एकाच शिफ्टला जात, आणि दिवसभर आम्ही दोघी एका नळावरून भांडत आणि एका सुपात तांदूळ निवडत असू.

त्या थंडीत मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गावाहून आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी पौषात ऑपरेशन करू म्हटलं होतं; तोवर आणि पुढेही काही आठवडे त्यांनी आमच्याकडे राहायचं होतं. मामंजी गावात पंच होते. एकदा बोलले की संपलं. उंबऱ्यात पाय ठेवतानाच ते म्हणाले, "ह्या घरात मासळीचा वास आला, त्याच दिवशी पिशवी उचलीन. आंधळा ऱ्हाईन, पण ते न्हाई चालायचं."

ते नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी घाबरतच शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "मग नाय करत मी. म्हाताऱ्याचे डोळे काय रोज रोज परत मिळतत?" तिनं सुक्या बोंबलांचा डबा ट्रंकेत घातला आणि वर गोधडी दाबली. मामंजींना यातलं काही सांगू नको, असंही तिनंच बजावलं. कुणाचे उपकार नकोत म्हणून ते निघून जातील, अशी तिला भीती होती. तिचंही बरोबरच होतं म्हणा.

मासे पाळायला एक काचेची टाकी तिच्या नवऱ्यानं आणली. देहूरोडला बदली झालेल्या लष्करी साहेबांचं सामान बाजारात येई, त्यातली ती. कोपऱ्यातून गळत होती. त्यानं पुट्टी भरून ती व्हरांड्यात मांडली. मला वाटलं, आता मामंजी बिथरणार. पण झालं उलटंच. जिवंत माशाला खाऊ घालणं म्हणजे त्यांच्या लेखी पुण्य. देहूच्या डोहात कुणी जाळं टाकत नाही, तिथल्या माशांना त्यांनी जन्मभर चुरमुरे घातलेले. ते टाकीजवळ घोंगडी टाकून बसले ते बसलेच. एका डोळ्यानं त्यांना सावल्या दिसत. काचेला नाक लावलं की थोडं जास्त.

एका रविवारी शेजारणीच्या नवऱ्यानं पवनेतून रॉकेलच्या डब्यात मासे आणले. टाकी लहान, मासे फार. कोण कुणाजवळ ठेवायचा हे ठरवायला आमची पंचायत बसली. शेजारीण पातेल्यात एकेक मासा घेऊन बघे आणि निकाल देई. तिची पारख वेगळीच होती. लहानपणापासून मासे साफ केलेले, त्यामुळे कुणाच्या पोटात काय निघतं हे तिला पाठ होतं. "ही खवली ठेवा, हिच्या पोटात नुसतं शेवाळ. हे बोटभर निळ्या रेघेचे पण चालतील, हे किडे खातत. हा मरळ नको. ह्याच्या पोटात अख्खे मासे गावतत."

"मग काढ त्याला," मामंजी म्हणाले. "मासं खानाऱ्याची संगत ह्या घरात नको."

ते त्या मरळ माशाबद्दलच बोलत होते. पण शेजारणीचा हात पातेल्यातच थांबला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर तिनं शिंगाळा उचलला. वीतभर, चपट्या डोक्याचा, लांब मिशांचा. "हा पण नको. आमच्या खाडीत ह्याचे भाऊबंद असतत, सगळे तसलेच."

मामंजींनी पातेल्याला नाक लावलं. मिशा त्यांना दिसल्या असाव्यात. "ह्यो तर गरीब दिसतोय. बुडाशी गप पडून हाय. ऱ्हाऊ दे."

"बाबा, तो बारक्यांना खाईल हो."

"कनीक घातल्यावर कशाला खाईल? देहूचं मासं काय एकमेकाला खात्यात? वळन लावायचं असतं. ह्याचा जामीन मी!"

शेजारणीनं माझ्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मलाही मामंजींचं पटलं होतं. आमच्या घरात ज्यानं त्यानं देहूचे मासे पोळीच्या तुकड्यांवर झेपावतानाच बघितलेले. मासा आणखी काही खात असेल हा विचारच कधी केला नव्हता. शिंगाळा टाकीत गेला.

मामंजी त्याला जातीनं कणकेच्या गोळ्या घालू लागले. गोळ्या खवल्या खात. शिंगाळा कौलाच्या तुकड्याखाली पडून राही, आणि मामंजी म्हणत, "बघा, किती समाधानी जीव हाय."

मग मासे कमी व्हायला लागले. आधी निळ्या रेघेचे, मग एक खवली. मेलेला मासा वर तरंगलेला कधी दिसला नाही. मामंजी काचेला नाक लावून पुन्हा पुन्हा शोधत. एका संध्याकाळी ते सरळच म्हणाले, "खानारं तोंड घरातच हाय. कोकनातल्या मान्साला मासा समोर दिसल्यावर दम निघंल व्हय?"

शेजारीण मोरीत भांडी घासत होती. राखेनं घासल्याचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

माझं डोकंच फिरलं. "मामंजी, काहीतरीच काय बोलता! तिनं तर तुमच्यासाठी..." एवढं म्हटलं आणि मोरीतून तिनं ओल्या हातानं खूण केली, नको. मी जीभ चावून गप्प बसले. पण मामंजींचं ठरलं होतं. त्यांनी धोतर, लोटा, माळेची डबी पिशवीत भरली. सकाळच्या गाडीनं गावी जाणार, ऑपरेशन नको. आमच्या ह्यांनी हात जोडले, काही उपयोग झाला नाही. मी रात्रभर दोघांवरही चरफडत होते, सासऱ्यांवर आणि गप्प राहणाऱ्या त्या बाईवरही.

सकाळी मला त्यांची हाक आली. ऊन व्हरांड्यात टाकीवर पडलं होतं. मामंजी काचेला कपाळ टेकवून बसले होते, पिशवी शेजारी. मी वाकून बघितलं. शिंगाळ्याच्या तोंडातून खवलीची शेपूट बाहेर आली होती आणि अजून हलत होती.

त्यांनी पिशवी बाजूला सारली. मग चाचपडत उठले आणि शेजाऱ्यांच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "लेकी, म्या तुला चोर ठरीवली. चुकलो मी."

"असू दे हो, बाबा."

"असू दे कसं? इतकं दिवस मासळीचा वास न्हाई आला मला. तवाच कळाया पायजे हुतं."

आता मात्र मी थांबले नाही. ट्रंक, गोधडी, बोंबलांचा डबा, सगळं सांगून टाकलं. मामंजी तिथंच उंबऱ्यावर बसले. "काढ त्यो डबा," ते म्हणाले. ती नाही म्हणू लागली. "तू जेवली न्हाईस तर मी बी जेवत न्हाई." शेवटी तिनं स्टोव्ह पेटवला. बोंबील भाजल्याचा वास व्हरांडाभर झाला. मी स्वतः खिडकीशी पळाले, पण मामंजी जागचे हलले नाहीत. मला त्यांचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

शिंगाळा पवनेत परत सोडला. टाकीत पुढे तिनं सांगितलेलेच मासे राहिले, आणि ते टिकले.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा आला. आमच्या ह्यांनी तो त्यांच्या कानांवर बसवला. आम्हाला वाटलं, आधी मुलाकडे बघतील, नाहीतर टाकीकडे. त्यांनी शेजारणीला हाक मारायला सांगितलं. ती पदराला हात पुसत आली आणि बावरून समोर उभी राहिली. तेव्हा ती विशीचीही नसेल.

मामंजी तिच्याकडे बघतच राहिले.

"एवढीशी पोर हाईस व्हय गं तू?" ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले.