मागच्या दाराच्या पायवाटा

लोहाराची मुलगी शहरातून फोन करायची तेव्हा तिचं एकच तुणतुणं असायचं: आई गेली, आता तिथे एकटे कशाला राहता, इकडे या. लोहार दरवेळी छाती फुगवून सांगायचा, की अख्खं गाव माझ्या दारात येत आलंय, मी कसला एकटा. भट्टी मात्र कधीची गार पडली होती. हल्ली विळे दुकानात आयते मिळतात, म्हणून कुणी फिरकत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

एके दुपारी नकाशे काढणाऱ्या खात्यातली एक बाई आली. जुन्या नकाशावरच्या कोणत्या पायवाटा अजून चालू आहेत आणि कोणत्या मोडल्या, हे पाहत ती गावोगाव हिंडत होती. तिने ऐरणीवर नकाशा पसरला. चढउताराच्या तपकिरी रेषांमध्ये एक काळा चौकोन होता आणि चहूकडून तुटक रेषा येऊन त्याला मिळत होत्या. शाळेकडेसुद्धा एवढ्या जात नव्हत्या. तो चौकोन म्हणजे आपलंच घर, हे कळल्यावर म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. लेकीचं तोंड बंद करायला सरकारी पुरावा मिळाला होता. याचा फोटो तिला पाठवा, असं त्याने बाईला सांगूनही टाकलं.

फोटो काढता काढता बाई थबकली. भट्टी तर पुढे रस्त्याला लागून आहे, मग या वाटा तिला वळसा घालून घरामागे का जातात, हे तिला कळेना.

"मागे काय होतं, बाबा?"

"काही नाही. स्वयंपाकघर."

बोलून गेला आणि त्याची नजर पुन्हा नकाशावरच्या त्या वाटांकडे गेली. विळ्याला धार लावून घ्यायला माणूस वर्षातून एकदा येतो. तेवढ्याने गवतात वाट पडत नाही. वाट रोजच्या पावलांनी पडते, आणि ती पावलं त्याच्या बायकोकडे येत होती. तिथलं हसणं, कुणाचं रडणं, त्याला घणाच्या आवाजात कधी ऐकूच आलं नव्हतं. ती गेल्यावर, वारा येतो म्हणून, ते दार त्यानेच फळ्या ठोकून बंद केलं होतं.

फोटो पाठवू ना, असं बाईने विचारलं. त्याने नको म्हटलं.

ती गेल्यावर त्याने फळ्या उचकटल्या. बाहेर गुडघाभर गवत माजलं होतं. अंदाजाने चालत तो पलीकडच्या घरी पोचला. त्याला दारात पाहून शेजारीण घाबरलीच.

"काय झालं, दादा? बरं नाही का?"

"तसं काही नाही. सहज आलो."

तिने खुर्ची पुढे केली. तो बसला. सहज आल्यावर पुढे काय बोलायचं असतं, ते विचारायला आता घरी कुणी नव्हतं.