दातानं सोललेली वायर

आमच्या गावात मोटर जळाली की बिभीषणला बोलावतात. शेवगावच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे. दुकानात पक्कड आहे, पेचकस आहे, टेस्टर आहे; वायर सोलायचं हत्यार मात्र तोंडात. वायर दाताखाली धरायची, मानेला एक हिसका द्यायचा, की प्लास्टिक बाजूला. त्यानं पुढच्या दाताला खाच पडली होती. मुलीकडच्यांना जमीन दाखवावी तशी तो ती खाच दाखवायचा. सोलायचं हत्यार मिळतं की, असं कोणी म्हटलं तर म्हणायचा, "देवानं फुकट दिल्यात, इकत कशाला घिऊ?"

मोटरच्या जाड वायरीला हे चालून गेलं. डेअरीतल्या फॅट मोजायच्या मशिनला नाही चाललं. त्या मशिनच्या आतली वायर सुतासारखी, आणि तिच्या पोटात केसाहून बारीक तारा. जोड सुटला म्हणून डेअरीवाल्या पुंजारामनं बिभीषणला हाक मारली. यानं नेहमीसारखी दाताखाली धरली, सोलली, जोडली. मशिन चालू झालं. आतल्या बहुतेक तारा दातानं तुटल्या होत्या, पण ते कोणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी केशरबाई दूध घेऊन आली. एकटी बाई, दारात दोन गायी, आणि हिच्या दुधात पाण्याचा थेंब नसतो हीच तिची गावातली ओळख. तिची किटली टेबलाला लागली, मशिन हललं आणि आकडा एकदम खाली आला. पुंजाराम सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "मावशे, तुमी पन पानी घालाया लागल्या व्हय?" लोक हसले.

बिभीषण तिथंच, स्वतःचं दूध घेऊन रांगेत होता. टेबल हललं आणि आकडा पडला, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. काय झालंय ते त्याला तेव्हाच कळलं, आणि तो गप्प बसला. मला राग येतो तो याचाच. दातांचं कौतुक सांगताना या माणसाची जीभ थांबत नसे, आणि तेव्हा एक शब्द फुटला नाही.

केशरबाईनं दूध परत नेलं. त्यानंतर ती डेअरीवर आलीच नाही. किटली घेऊन शेजारच्या गावाला चालत जाऊ लागली. वाट बिभीषणच्या दुकानावरून. ती दिसली की हा मोटरीमागं वाकायचा. 

शेवटी तो सोलायचं हत्यार घ्यायला नगरला गेला. शेवगावात कोणीतरी ओळखीचं भेटलं असतं.

"आधी कशानं सोलत होता?" दुकानदारानं विचारलं.

"ब्लेडनं," बिभीषण तोंडावर हात धरून म्हणाला.

त्याच्या खिशात डेअरीच्या मशिनमधल्या वायरीचा तुकडा होता. स्प्रिंगच्या मोठ्या हत्यारातून तो निसटूनच गेला. दुसरं स्क्रूनं बसवायचं होतं. त्यात कधी प्लास्टिक राही, कधी तारा तुटत. तिसरं लहानसं, ओळीनं बारीक भोकं असलेलं. एका भोकात वायर सैल बसली, एकात तार कापली गेली, मधल्यात प्लास्टिक अलगद निघून आलं. दुकानदाराच्या भिंगाखाली त्यानं पाहिलं, एकही तार तुटली नव्हती. एवढं सोपं होतं, म्हणून त्याला आणखीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डेअरी उघडताच त्यानं मशिनला त्या हत्यारानं सोललेली नवी वायर जोडली आणि केशरबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. "मावशी, येकडाव चला," एवढंच म्हणाला. ती किटली घेऊन आली. डेअरीत गर्दी होती. पुंजारामनं दूध लावलं, बिभीषणनं मुद्दाम टेबल हलवलं. आकडा चांगला आला आणि जागचा हलला नाही.

बिभीषण तोंडावर हात धरून पुंजारामच्या कानाशी वाकला. "चूक माजी हुती. दातानं तारा तुटल्या हुत्या."

केशरबाईनं आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माज्या दुधाचं मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "ह्याच्या कानात नगं सांगू. त्या दिशी हा मोठ्यानं बोलला हुता. तू बी मोठ्यानं बोल."

बिभीषणनं तोंडावरचा हात काढला आणि गर्दीकडे वळला.