डाव्या मडगार्डावरचा पोचा

श्रीकांतला गाडी चालवता येत नव्हती, असं आमच्या साऱ्या नातेवाइकांत समजतात. ते खरं नाही. तो माझ्यापेक्षा चांगली चालवायचा. आमच्या आबांची अँबॅसिडर फाटकाच्या दगडी खांबावर घातली ती मी, आणि बोलणी खाल्ली त्याने. त्यानंतर त्याने आयुष्यभर स्टिअरिंगला हात लावला नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

श्रीकांत माझा आतेभाऊ. सांगलीत दातांचा डॉक्टर होता. गेल्या महिन्यात एका सकाळी सुनीतावहिनींचा फोन आला. एरवी त्या आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. त्या दिवशी नुसत्या म्हणाल्या, "मनोहरभावजी, हे गेले हो." फिरून आला होता, चहा टाकायला सांगितला होता, आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच... मी साताऱ्याहून निघालो. आबांना मागच्या सीटवर बसवलं होतं. आबा माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता थकलेत, पण कान आणि आठवण दोन्ही शाबूत. कराड सोडून मलकापूर मागे पडेपर्यंत ते खिडकीतून मैलाचे दगड मोजत होते. मग म्हणाले, "पोरगं गुणाचं हुतं. गाडी तेवढी जमली न्हाई बघ त्येला." मी आरशात त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग उगाचच कमी केला.

तुमच्यापैकी काहींनी श्रीकांतच्या गाड्या पाहिल्या असतील. त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात त्या ओळीने असत. मूळ गाडीच्या चोवीस पट लहान, तळहातावर मावतील अशा. परदेशी गाड्यांचे तयार सुटे भाग विकत मिळतात, ते जोडून, रंगवून मॉडेल करणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. श्रीकांतला त्यात गोडी नव्हती. "शोरूममधली गाडी काय करायची? तिचं अजून काही झालेलंच नसतं," म्हणायचा. त्याला हव्या असत आपल्या ओळखीच्या माणसांच्या, वापरून वापरून त्या माणसासारख्याच झालेल्या गाड्या. त्यांचे तयार भाग कुठून मिळणार? मग सगळं मुळापासून करायचा. कवळीसाठी जो गुलाबी ॲक्रिलिक वापरतात त्यात गाडीचा सांगाडा ओतायचा. दात कोरायच्या बारीक ड्रिलने दाराच्या फटी, हँडल, जाळी कोरायचा. वेडेवाकडे दात सरळ करायची तार वायपरला आणि एरियलला, गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक काचांना. त्याची कुठलीही गाडी घ्या, निळी, हिरवी, काळी, रंग खरवडलात तर आत हिरडीचा गुलाबी रंग निघेल. "आतून सगळ्या सारख्याच रे," तो हसायचा.

मडगार्डं मात्र तो पातळ पितळी पत्र्याची करायचा. त्याचं कारण त्याने मला एकदा ऐकवलं होतं. पोचा कोरायचा नसतो, पाडायचा असतो. आणि तो कसा पडला हे ज्याच्या हातून पडला त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय तो पाडायचा नाही. हा त्याचा नियम. आटपाडीकडचे एक पाहुणे अक्कलदाढ काढायला आले होते, मी तिथेच बसलो होतो. त्यांच्या जुन्या जीपच्या मॉडेलचं काम चाललं होतं. श्रीकांतने त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि विचारलं, "उजव्या बाजूचा तो पोचा कशाचा हो?"

"बोकडानं हाणलंय," उघड्या तोंडाने ते कसेबसे म्हणाले.

"समोरून आला का बाजूने? शिंगं सरळ होती का मागं वळलेली?"

त्यांनी डोकं बाजूला घेतलं. "आवं डाक्टर, दाढ काढायलाय का बोकडाची चौकशी करायलाय? आता बोकड बी न्हाई आनि शिंगं बी न्हाईत, लगीन हुतं आमच्यात!"

सगळा दवाखाना हसला. पण महिन्याने ते पुन्हा आले तेव्हा कपाटापुढे किती तरी वेळ उभे होते. "लय भारी. माझीच हाय की ही," म्हणाले. मग काचेला नाक लावून, "आनि ही माती? ही तर आमच्याकडची हाय!"

"तुमच्याच चपलेची. दाराशी काढून ठेवली होती ना मागच्या वेळी."

फडक्यातून तीन-तीनदा गाळलेली ती माती त्याने जीपच्या चाकांवर फुंकून बसवली होती. सांगलीची काळी माती आटपाडीच्या जीपला लावायला त्याचं मन घेत नव्हतं. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत. खोटं बोलू नये असं सगळेच म्हणतात. हा माणूस वीतभर जीपलासुद्धा खोटं बोलू देत नसे... आणि तरी माझ्यासाठी एकदा खोटं बोलला होता.

तेव्हा तो कॉलेजसाठी आमच्याकडे साताऱ्यात राहत होता. आबा आम्हा दोघांना रविवारी मैदानावर नेऊन गाडी शिकवत. श्रीकांतचा हात हलका होता, क्लच सोडताना गाडीला कळायचंसुद्धा नाही. माझा गिअर पडला की आबा म्हणत, "पत्रा फाडतोस का रं?" एका दुपारी आबा झोपले होते. मी चावी घेतली. श्रीकांत नको नको म्हणत शेजारी येऊन बसला, कारण मला एकट्याला सोडायला त्याचा जीव धजेना. गावाबाहेर एक फेरी नीट झाली. परत येताना फाटकातून आत वळवायला चुकलो आणि डावं मडगार्ड खांबावर गेलं. गाडी तशीच अडकून बसली. माझ्या हातून रिव्हर्स पडेना. "उतर तू, मी काढतो," श्रीकांत म्हणाला. अँबॅसिडरचं पुढचं सीट बाकासारखं सलग असायचं. मी उजव्या दाराने उतरलो आणि तो सरकून स्टिअरिंगमागे आला. एवढ्यात आबा बाहेर आले.

"कोन चालवत हुतं?"

मी फाटकाशी उभा, जसा काही आवाज ऐकून आलेला. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाच्या कडीकडे पाहिलं. खोटं असं मी काही बोललोच नाही. पुढे किती वर्षं मी याच वाक्यावर झोपलो.

"मी, मामा," तो म्हणाला.

आबांनी त्याला हात लावला नाही. बहिणीचा मुलगा. एवढंच म्हणाले, "आजपास्नं ह्या गाडीच्या चावीला तुजा हात लागता कामा नये." नंतर मागच्या अंगणात मी रडायला लागलो, तर उलट तोच मला समजावू लागला. "गड्या, मला बोलले. तुला बडवलं असतं. हिशोब साधा आहे." मी म्हटलं, उद्या सांगतो आबांना. तो म्हणाला, "सांग की. ते स्वतःहून चावी देतील तेव्हा मी चालवीन. तोवर कुठलीच गाडी नाही."

तो उद्या काही आला नाही. आधी आबांची भीती होती, मग परीक्षा, मग बहिणीचं लग्न, आणि मग ती घरातली मजा होऊन बसली. कार्य कुठलंही असो, कुणीतरी म्हणायचंच, "श्रीकांत, चावीला हात लावू नको हं, मंडप पाडशील!" तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा. दवाखान्यात जायला रिक्षा, गावाला जायचं तर गाडी वहिनी चालवत. मित्र चिडवायचे, "डॉक्टर, गाड्या करता आणि चालवायला बायको?" तो म्हणायचा, "मी डिझाइन खात्यात आहे." वहिनींना वाटायचं, घाबरतो. त्यांनाही त्याने कधी सांगितलं नाही, हे मला आता दहाव्या-बाराव्याला त्यांच्याशी बोलताना कळलं. नवऱ्याने बायकोपासून एवढीच एक गोष्ट लपवली असेल, आणि ती माझी होती.

दिवाळीनंतर मी सांगलीला गेलो तीच आमची शेवटची भेट. दवाखान्यामागच्या खोलीत त्याने एक डबा उघडला. आबांची अँबॅसिडर. तीच साईसारखी फिक्की पिवळट. मागच्या काचेत आईने शिवलेली फुलांची उशी होती, चिंचोक्याएवढी. डॅशबोर्डवर आबांचा चष्मा होता. तारेचा, एक काडी दोऱ्याने बांधलेला. सगळं होतं. डावं मडगार्ड मात्र आरशासारखं गुळगुळीत.

"तेवढं राहिलंय," तो म्हणाला. "कसा पडला ते सांग."

"तू होतास की शेजारी."

"शेजारच्याचं चालत नाही. नियम आहे माझा." मग ड्रिल पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला नको सांगूस, मन्या. मामांना सांग. तू सांगितलंस की मला एक फोन कर. मिनिटाचं काम आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बघतो, आणि साताऱ्याची एसटी चुकेल म्हणून उठलो. एसट्या रात्रीपर्यंत होत्या, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने मला कोपऱ्यापर्यंत सोडलं, चालत.

तेरावं झाल्यावर वहिनींनी तो डबा माझ्या हातात दिला. "यावर तुमचं नाव आहे," म्हणाल्या. आता ती गाडी आमच्या बैठकीत, आबांच्या खाटेशेजारच्या फळीवर आहे. पहिल्या दिवशी आबांनी ती दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेली. आईच्या उशीवर काचेवरूनच बोट टेकवलं. चष्मा पाहून हसले. मग अंगठा डाव्या मडगार्डावरून फिरवला, पुन्हा फिरवला. "हितं पोचा हुता," म्हणाले. "श्रीकांत इसरला वाटतं."

मी पाण्याचा तांब्या भरायला आत गेलो.

तो विसरला नव्हता, आबा.

वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्या घरी येते ती आधी आबांच्या हातात जाते. भिंग घेऊन ते पहिल्या पानापासून वाचतात, काहीही सोडत नाहीत. हा लेख मी आज संपादकांकडे पाठवतो आहे. तो छापून यायच्या आत, आबांच्या खाटेशी बसून, माझ्या तोंडाने मला त्यांना सांगायचं आहे की त्या दुपारी गाडी मी चालवत होतो. एवढं मी श्रीकांतचं देणं लागतो.