काकाजी आणि दोन वैष्णवी

काकाजींनी कोणतीही वेबसाइट कधी समोरून पाहिली नाही. पान उघडलं की आधी त्याच्यामागचा सोर्स कोड काढायचे आणि चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनला नाक लावून तो वाचत बसायचे. भाच्याच्या लग्नाची ऑनलाइन पत्रिका आली, तीसुद्धा त्यांनी अशीच वाचली. बाकीचे नवरा-नवरीचे फोटो बघत होते आणि काकाजी म्हणाले, "तारीख दोन जागी लिहिली आहे, अन् दोन्ही वेगवेगळ्या आहेत." खरंच होत्या. काकूंनी कपाळाला हात लावला.

देवळीच्या बस स्टँडजवळ त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला बारावी पास माणूस. प्रोग्रॅमिंग शिकला तो साठी जवळ आल्यावर, इंटरनेटवरचे व्हिडिओ थांबवून थांबवून. मी वर्ध्याला बीसीए करून तिथे कामाला लागले तेव्हा डिग्रीची हवा डोक्यात होती. ती पहिल्याच आठवड्यात उतरली. काकाजी रागवायचे नाहीत, त्यांना ते यायचंच नाही. मला 'इंजिनेर बाई' म्हणायचे आणि पाठोपाठ असं काही विचारायचे की माझी दातखीळ बसायची.

आमच्याकडे फॉर्म भरणाऱ्या पोरापोरींच्या निवड याद्या वेबसाइटवर लागत. शेकडो पानं, खेड्यातल्या मोबाइलवर धड उघडायची नाहीत. मग दिवसाचं काम सोडून माणसं दुकानात येऊन बसायची. ते बघवेना म्हणून काकाजींनी एक प्रोग्रॅम लिहिला. तो यादीची सगळी पानं उतरवून घ्यायचा, त्यातली एकेक ओळ वेगळी काढायचा आणि प्रत्येक ओळीचा एक 'विद्यार्थी' ऑब्जेक्ट बनवायचा. त्यात आपल्या दुकानातलं कोणी असलं की त्याच्या मोबाइलवर मेसेज जायचा: नंबर लागला, अमक्या तारखेच्या आत हजर व्हा; किंवा, अजून प्रतीक्षा यादीत आहात.

ऑब्जेक्ट म्हणजे काय ते मी कॉलेजात पाठ केलं होतं. समजलं ते काकाजींकडे. "ओळ मुकी असते, बाई. तिले काही विचारता येत नाई. तिचा माणूस कर, मंग विचार." कुठल्याही ऑब्जेक्टबद्दल त्यांचे दोन प्रश्न ठरलेले: याले काय मालूम आहे, अन् याले काय करता येते? त्यांच्या 'विद्यार्थ्या'ला आपलं नाव, अर्ज क्रमांक आणि कॉलेज मालूम असायचं, आणि हजर व्हायला किती दिवस उरले ते त्याला मोजून सांगता यायचं. एखाद्या ओळीतला रकाना रिकामा दिसला की मी ती ओळ गाळायला जायची आणि काकाजी माझा माउस धरायचे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते तेव्हा कोणाचा कॉल मध्येच तुटला तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे म्हणे. तशी यादीतली एक ओळसुद्धा त्यांना सोडवत नसे.

सगळं झालं की ते मोजायचे. पानांत ओळी किती, बनलेले ऑब्जेक्ट किती. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय एक मेसेज बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मला तो निव्वळ म्हातारचळ वाटायचा, आणि मी तसं तोंडावर बोललेही आहे. ते हसायचे आणि पुन्हा मोजायचे.

लोक अर्ज क्रमांकाची पावती हमखास हरवायचे. मी मनाशी म्हटलं, आपण ऑब्जेक्ट अर्ज क्रमांकाऐवजी नावानंच ठेवू, नावानंच शोधू. एका दुपारी तशी एक ओळ लिहून टाकली आणि स्वतःवरच खूश झाले. आता आमच्या भागात शेगावच्या महाराजांच्या कृपेनं घरटी एक गजानन, आणि त्या वयाच्या पोरींत बघावं तिकडे वैष्णवी. इथेच जन्मलेल्या बाईला हे सुचू नये? नाही सुचलं. एका नावाखाली एकच ऑब्जेक्ट राहतो. त्याच नावाचा दुसरा आला की पहिला पुसला जातो, आणि कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही.

नर्सिंगची यादी लागली त्या दिवशी काकाजी काकूंना घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले होते. संध्याकाळी फोन आला.

"मोजले का, बाई?"

"मोजले, काकाजी."

मोजले नव्हते. मला नालवाडीला घरी जायची घाई होती. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

त्या यादीत वैष्णवी गजानन दोनदा होती, आडनावासकट. पहिली आमची, देवळीजवळच्या खेड्यातली, आणि तिचा नंबर लागलेला होता. दुसरी कुठली तरी, प्रतीक्षा यादीतली. दुसरीनं पहिलीला पुसलं आणि आमच्या पोरीला मेसेज गेला की तुम्ही प्रतीक्षा यादीत आहात. घरात शिकणारी ती पहिलीच. बिचारी वाट बघत बसली. मुदत संपली आणि जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली.

नंतर कोणी तरी यादी दाखवली म्हणून तिचे वडील ती झेरॉक्स घेऊन दुकानात आले. काकाजींनी कोड उघडला. ती ओळ सापडायला त्यांना दोन मिनिटंही लागली नसतील. ती कोणी लिहिली हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बापाकडे वळले आणि म्हणाले, "माह्या हातून चुकलं, भाऊ. पोरीचा काही दोष नाई." मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "तू फॉर्म भर, बाई. लोक थांबले आहेत." आणि मी फॉर्म भरत बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

वैष्णवीला आणि तिच्या वडलांना घेऊन ते कॉलेजात गेले, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेले, हात जोडले. काही झालं नाही. पुढच्या वर्षी घरच्यांनी तिला फॉर्म भरूच दिला नाही. लग्न करून दिलं, हिंगणघाटकडे. बाजारात लोक काकाजींना ऐकू जाईल असं बोलायचे, की या म्हाताऱ्यानं पोरीचं वाटोळं केलं. ते खाली मान घालून भाजी निवडायचे. प्रोग्रॅम त्यांनी बंद केला. मी ती ओळ दुरुस्त केली, त्यांच्यासमोर सगळं मोजून दाखवलं, रडले. "चांगलं केलं," म्हणाले, "पण आता माह्यानं होत नाई."

एकदा न राहवून विचारलं, काकाजी, तुम्ही का घेतलं अंगावर? म्हणाले, "तुले अजून लय वर्षं लोकाइसमोर बसायचं आहे. मले किती दिवस बसायचं?" त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मी मात्र आज सांगेन, उद्या सांगेन करत राहिले. मग नागपूरला नोकरी लागली आणि सुटल्यासारखी निघून गेले. तिथे आता माझ्या हाताखालची पोरं मला हसतात, कारण ही बाई मोजल्याशिवाय काही पुढे जाऊ देत नाही.

यंदा उन्हाळ्यात काकाजी गेले. तेरवीला मी देवळीला आले तर मांडवाच्या कोपऱ्यात वैष्णवी एकटी बसलेली. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. ती ओळ माझी होती, फोनवर खोटं मी बोलले, काकाजींचा त्यात काही हात नव्हता. ती माझ्याकडे न पाहता ऐकत होती.

"दर दिवाळीले माह्या सासरी येत होते," ती म्हणाली. "ओसरीत बसून राहत. मी एकदाबी बाहेर नाई आली. नवऱ्याले सांगायची, म्हणा घरी नाई." मग माझ्याकडे वळली. "सहा वर्षं. त्याइच्या जिवंतपणी काऊन नाई सांगितलं तुम्ही?"

ती उठली, पदर सावरत बायकांमधून वाट काढत काकाजींच्या फोटोपर्यंत गेली, जमिनीवर डोकं टेकलं, आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.