कागदावर नसलेली वाडी

आमच्या खात्यातल्या साहेबलोकांना बांध तपासायची हुक्की यायची ती उन्हाळ्यातच. पावसात जीप रुतते, बूट खराब होतात. मग एप्रिलात यायचं, कोरड्या बांधावर चार पावलं टाकायची, गावठी कोंबडीवर ताव मारायचा आणि ठाण्याला परत. भरलेला बांध कसा दिसतो ते त्यांच्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकात मी मुरबाडकडे कनिष्ठ अभियंता होतो. पाणथळ जागेवर घातलेला एक लहानसा सरकारी मातीचा बांध माझ्याकडे होता. त्याचा धोक्याचा वर्ग ठरवायचा होता. तो ठरतो एकाच गोष्टीवर, बांध फुटला तर खाली माणसं मरतील का? मरणार असतील तर वरचा वर्ग, म्हणजे दुरुस्ती आणि पावसाळ्यात पहारा. नसतील तर खालचा, म्हणजे तुम्ही आणि तुमचं नशीब.

बांधाखाली अकरा घरांची वाडी होती. दिवाळी झाली की सगळी वाडी दारांना काट्या लावून वाशिंदकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, ती पेरणीच्या तोंडावर परतायची. साहेबांनी बंद दारं पाहिली आणि 'वस्ती नाही' असं लिहायला सांगितलं. मी म्हटलं, माणसं भट्टीवर गेलीत, पावसाळ्यात येतील. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"आज आहेत का?"

"नाहीत."

"मग? आजचंच लिहायचं असतं."

काय ती अक्कल! आणि मी तरी कोण मोठा? नंदीबैल. मान डोलावली नि सही ठोकली.

आषाढात बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी यायला लागलं. सगळ्यात खालच्या घरातली बाई कचेरीत आली. घरात तिची लेक नुकतीच बाळंत झाली होती. पाणी गढूळ येतंय म्हणजे आतली माती चाललीय, हे तिला कुणी न शिकवता कळत होतं. मी वर कळवलं. पदवीवाल्यांचं उत्तर आलं, खालच्या वर्गातल्या बांधाला तातडी लागू नाही. थूः! ती पुन्हा आली तेव्हा मी तिला खरं काय ते सांगून टाकलं, की कागदावर तुमची वाडीच नाही.

ती तशीच वाडीवर परत गेली. दुसऱ्या दिवशी वाडीने कुदळी घेतल्या. जादा पाणी जायला बांधाच्या टोकाला खडकावर सांडवा होता, त्याची दगडी भिंत त्यांनी फोडली आणि पाणी पलीकडच्या ओढ्याला काढून दिलं. संध्याकाळपर्यंत तळं निम्मं उतरलं, पायथ्याचं पाणी थांबलं. एकही घर गेलं नाही. आमच्या अख्ख्या खात्याला जे जमलं नाही ते अकरा घरांनी एका दिवसात केलं.

आणि मग साहेब आले की भर पावसात, बूट चिखलात बरबटून घेत! सरकारी भिंत फुटली होती ना. पोलिसांत द्यायची तक्रार लिहायला मलाच बसवलं. 'बांधाखालील वस्तीतील रहिवाशांनी' अशी सुरुवात साहेबांनी स्वतः सांगितली. खाली अकरा घरांची नावं. ती बाई लेकीच्या बाळाला पदराखाली घेऊन समोर उभी होती.

"दादा, कागदावर आमची वाडीच नाय ना? मंग भिंत कुनी फोडली?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, हिचं नाव नीट लिहा, पोलिसांना वाचता आलं पाहिजे.

मी नीट लिहिलं.