भाऊजी घरी आले तेव्हा

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. मी वर्ध्याला चक्कीवर दळण घेऊन उभा होतो. चक्कीच्या आवाजात पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही, म्हणून बाहेर रस्त्यावर आलो. ताई रडत नव्हती. "सुधाकर, तुहे भाऊजी गेले रे," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं वाक्य बोलून टाकलं, "दारूनं नाई गेले. सगळ्याइले सांगजो." दळण तसंच टाकून मी ताईच्या गावी, अल्लीपूरला निघालो, आणि वाटेत ज्याला-ज्याला फोन केला त्याला हेच सांगितलं. दहा-अकरा वर्षं झाली होती भाऊजींनी थेंबही न घेतल्याला, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते वेगळं होतं. पीत होते तेव्हाच लिव्हर गेलेलं होतं, म्हणाले. सोडली म्हणून इतकी वर्षं निघाली. स्मशानघाटावर लोक हलक्या आवाजात दारूचंच नाव घेत होते, ते मला ऐकू येत होतं... तेही अगदीच खोटं म्हणता येत नव्हतं.

वसंतराव माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान. वायरमन होते. गावात वायरमनचा मान मोठा. कुणाच्या वावरातली मोटर बंद पडली, कुठं डीपी जळाली की दिवसा-उजेडी, भर उन्हात, लोक त्यांच्याच दाराशी. भाऊजी पैसे घेत नसत. मग काम झाल्यावर शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवायचा आणि झाडाच्या बुंध्यामागून बाटली काढायचा. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून बाटली झाडामागे ठेवायची, एवढाच काय तो बंदीचा परिणाम. पिऊ घालणारे सगळे प्रेमानंच घालत होते. "वायरमन, एवढ्या उन्हात खांबावर चढलात, थोडी घ्या." काही वर्षांनी अशी वेळ आली, की ती घेतल्याशिवाय भाऊजी खांबावर चढू शकत नव्हते, आणि घेतल्यावर एक दिवस खांबावरून खाली आले. कंबर वाचली, नोकरी गेली. त्यानंतर ताईनं घराशेजारच्या पाऊण एकरात भाजी लावली. पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी... आठवडी बाजारात ती स्वतः घेऊन बसायची. भाऊजी कधी नालीत, कधी बसस्टँडच्या ओट्यावर सापडायचे.

हिंगणीच्या पुढे, जंगलाला लागून एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, हे मला माझ्या नोकरीमुळं माहीत होतं. मी एसटीत कंडक्टर होतो आणि बरीच वर्षं माझी ड्युटी वर्धा-हिंगणी गाडीवर होती. तिथं चढणारी-उतरणारी माणसं मी ओळखायचो. उतरताना दोघांनी धरलेला माणूस काही महिन्यांनी स्वतःच्या पायांनी चढायचा. मीच भाऊजींना तिथं सोडून आलो. चौथ्याच दिवशी दुपारच्या फेरीला हिंगणीच्या थांब्यावर ते माझ्याच गाडीत चढले. अंगात केंद्राचा पांढरा सदरा, पायात कुणाची तरी मोठी चप्पल.

"वर्धा एक," त्यांनी हात पुढे केला. हात लटलट कापत होता.

"भाऊजी, उतरा."

"तू माहा साळा हायेस का पोलीस? तिकीट दे!"

अख्खी गाडी आमच्याकडं बघत होती. मी म्हटलं, तिकीट देत नाही, आणि बिनतिकिटाचा माणूस गाडीत ठेवता येत नाही. पायरीवर उभं राहून त्यांनी मला आणि माझ्या बापाला, म्हणजे स्वतःच्या सासऱ्याला, मनसोक्त शिव्या दिल्या. मग उतरले. मी डबल बेल दिली. मागच्या काचेतून बघितलं तर रस्त्याच्या मधोमध उभे होते. बराच वेळ तसेच दिसत होते, आणि वळणाच्या आधी त्यांनी केंद्राकडे तोंड फिरवलं. पुढं ही गोष्ट ते तिथं येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला रंगवून सांगायचे. "दुनियेत एकच साळा असा, ज्यानं जवायाले गाडीतून उतरवून वाचवलं." सगळे हसायचे. मीही हसायचो. आता वाटतं, त्या दिवशी मी त्यांना तिथं उतरवलं आणि ते कायमचेच तिथं उतरले.

कोर्स संपवून ते एकदा घरी आले होते. महिनाभर नीट होते. मग कुणाच्या तरी वावरात मोटर बिघडली, आणि पुन्हा तेच झाड, तीच बाटली. दुसऱ्यांदा केंद्रात गेले ते कुणी न सांगता, स्वतः. तिथून मला म्हणाले, "सुधाकर, गावात मले कोणी दुश्मन नाई रे. सारे दोस्तच हायेत. मंग वाचू कसा?" या वेळी ते परत आलेच नाहीत. केंद्रातच राहिले. आधी लाइट-पंपाचं काम बघायचे, मग नव्या माणसांचं. पहिले काही दिवस फार वाईट असतात. माणूस थरथरतो, ओकतो, त्याला भिंतीवर भलतंच काही दिसतं. अशा माणसाजवळ बसण्यात भाऊजींचा हात कुणी धरू शकत नसे. केंद्र चालवणारे दादा म्हणायचे, औषध डॉक्टर देतात, पण ते पोटात टिकवतो वसंता.

ताई पल्लवीला घेऊन एकदा तिथं गेली होती. पल्लवी, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सातवी-आठवीत असेल. मी सुटी काढून दोघींना एसटीनं नेलं. भाऊजी आतल्या खोलीत एका माणसाची ओकारी फडक्यानं पुसत होते. त्याच्या पाठीवरून हात फिरवत, "होते भाऊ, होते, निंघून जाते" असं म्हणत होते. ताई दारातच थांबली. परत येताना गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली आणि सेलू आल्यावर बोलली, "माही पोरगी तापानं फणफणत होती तवा हे नालीत पडून होते. अन् इथं परक्याची ओकारी पुसून राह्यले." त्यानंतर ती गेली नाही. पण वांगी निघाली की वांगी, सणाला पुरणपोळ्या, उन्हाळ्यात शेवया, सगळं माझ्या हाती पाठवत राहिली. भाऊजी डबा घ्यायला थांब्यावर यायचे. "काय म्हनते?" असं विचारायचे. मी म्हणायचो, बरी आहे. तिकडं ताईही तेच विचारायची आणि तिलाही मी तेच सांगायचो. दोन्हीकडं निरोप एवढाच जायचा.

पल्लवीच्या लग्नाला मात्र भाऊजी आले. दोन दिवस आधी येऊन मांडवाची सगळी लाइटिंग त्यांनी केली, अक्षता पडल्या तेव्हा नवा सदरा घालून पोरीच्या मागं उभे होते. जेवणं झाली, आणि पाठवणीच्या वेळी भाऊजी कुठं दिसेनात. मांडवामागं वरातीतली काही मंडळी बसली होती, ती काय करत होती हे कुणी सांगायची गरज नव्हती. जो तो माझ्याकडं बघू लागला. मी शोधत बसस्टँडवर गेलो. भाऊजी कठड्यावर बसले होते, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. मी जवळ जाऊन वास घेतला... हो, घेतला. काही वास नव्हता.

"आला का वास?" त्यांनी विचारलं. "मले आला होता. मांडवात. अन् तोंडाले पानी सुटलं रे. पोरगी रडून राह्यली अन् मले पानी सुटलं. थांबलो असतो तं घेतली असती."

"चला भाऊजी, मी हात धरून राहतो. पाचच मिनिटं."

त्यांनी हात काखेतून काढलेच नाहीत. गाडी आली, चढले, गेले. मांडवात परत आलो तर पल्लवी गाडीत बसायची थांबली होती. मी तिला सगळं खरं सांगितलं, शपथेवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मामा, पेले असते तरी चाललं असतं. थांबले असते तं." आजही मला कळत नाही, त्या दिवशी कोण बरोबर होतं. भाऊजी थांबते आणि घेते, तर कदाचित त्या वर्षीच गेले असते. पण मुलीची पाठवणी पुन्हा येत नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. सेवाग्रामला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी फार आशा ठेवली नाही. भाऊजीच म्हणाले, "आता मले घरी ने. पोटात पान्याचा घोट थांबत नाई, दारू काय थांबन? भेव गेलं." तसे ते घरी आले, आणि पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत राहिले. ताईनं पुढच्या खोलीत खाट टाकली होती. पहिले काही दिवस दोघंही पाहुण्यासारखे वागत होते. कुणी आधी जेवायचं, पंखा केवढा ठेवायचा, काहीच ठरलेलं नव्हतं. ताईला पिणारा नवरा माहीत होता. त्याच्या पायरवावरून ती त्या दिवशी काय होणार ते ओळखायची. हा न पिणारा, हळू बोलणारा माणूस तिला अनोळखी होता. मग सकाळी ती सांभाराच्या जुड्या बांधायची तिथं भाऊजी येऊन बसू लागले. जुड्या जाडजूड बांधायचे. "असा सांभार इकला तं झालं!" ताई सोडून पुन्हा बांधायची. ते पुन्हा तशीच बांधायचे. पल्लवी येऊन आठवडाभर राहिली, बापाच्या पायांना तेल लावलं. लग्नाचा विषय तिनं काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मला वाटत होतं, काढतील. दिवस होते तोवर असंच वाटत राहतं...

एकदा अंगणात ताई मला म्हणाली, "मले हा मानूस नवाच भेटला रे सुधाकर. अन् भेटला तवा जायच्याच तयारीत."

तेरवीला केंद्रातून एक गाडी भरून माणसं आली. आणखी कुठून-कुठून, मोटारसायकलींवर, बायकामुलांना घेऊन आले. प्रत्येक जण दारात चप्पल काढताना तेच सांगायचा, वसंतरावांनी मला वाचवलं. पल्लवी दाराशी उभी राहून सगळ्यांचं ऐकत होती. शेवटी आत येऊन मला म्हणाली, "मामा, ह्या साऱ्याइले बाबा माहीत होते." आणि पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली.

परवा ताईकडं गेलो होतो. खाट आता काढून ठेवली आहे. तिनं चहा केला आणि माझ्यासमोर कप ठेवला. कप अर्धाच भरलेला होता. मी कपाकडं बघितलं तशी ती म्हणाली, "त्याहिची आदत होती. घरी आल्यावर सकाळचा चहा तेच करत. मलेही अर्धाच देत. मी रागावली, आपल्याच घरी अर्धा कप काऊन? तं म्हने, तिथं नव्या मानसाचे हात कापतात. भरला कप सांडला की त्याले लाज वाटते. म्हून अर्धा द्याचा, अन् तो सरला की पुन्हा अर्धा द्याचा." मी सावकाश चहा संपवला. ताई उठली, गाळणी धरून पातेल्यातला उरलेला चहा माझ्या कपात ओतला... अर्ध्यापर्यंत.