फक्त मांडणी

“आधी तीन, शेवटी तीन. मध्ये काय वाट्टेल ते भर.”

असं म्हणताना ताई टेबलावर नखाने तीनदा वाजवायच्या. आमच्या ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाने ते टकटक ऐकलेलं आहे. मी तर पहिल्याच दिवशी ऐकलं.

आमचं काम साधं होतं. कंपनीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते ग्राहकांना समजावणारी पानं आम्ही लिहायचो. ती साध्या मजकुरातच लिहायची. ओळीच्या सुरुवातीला जाळीचं, म्हणजे हॅशचं, चिन्ह टाकलं की मथळा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या टाकल्या की तो ठळक. कोडचा तुकडा मात्र आधी तीन आणि शेवटी तीन अशा उलट्या टिकल्यांच्या, म्हणजे उलट्या अवतरणचिन्हांच्या, मध्ये ठेवायचा, म्हणजे तो जसाच्या तसा दिसतो. मी पहिल्या पानात त्या टिकल्या विसरलो. कोडमध्ये जाळीच्या चिन्हाने सुरू होणारी एक बारकी सूचना होती, ती मथळा होऊन पानभर पसरली: ‘इथे खरा पासवर्ड लिहू नका’. एवढ्या मोठ्या अक्षरांत आमच्या लालबागमध्ये फक्त गणपतीचे बॅनर लागतात.

“छान,” ताई म्हणाल्या. “आता सगळ्या मुंबईला कळलं. टिकल्या लाव.”

ताई नायगावच्या चाळीतल्या. आधी दादरला एका डीटीपीच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावायच्या, तिथून इथे आल्या. रविवारी वस्तीतल्या विहारात मुलींना कॉम्प्युटर शिकवायच्या. ऑफिस होतं लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, आणि त्यांची खुर्ची अगदी कोपऱ्यात, न उघडणाऱ्या खिडकीला लागून. उकडायला लागलं की त्यांचा हात आपसूक काचेकडे जाई आणि चौकटीवर कडी शोधत फिरे. कडी नव्हतीच. “आमची खोली दहा बाय दहाची, पण दार दिवसभर उघडं असायचं रे,” त्या म्हणायच्या आणि हात मागे घ्यायच्या. आठ वर्षं त्या तिथेच बसल्या.

मला रुजू होऊन सहाएक महिने झाले असतील. जुन्या फाइली काढून टाकण्याची आज्ञा मी एका पानात दिली होती, त्यात फोल्डर चुकलं होतं. कुणी ती तशीच चालवली असती तर त्याच्या कामाच्या फाइली गेल्या असत्या. घाबरून पान उघडलं तर आज्ञा बरोबर. कोणी बदलली म्हणून पानाच्या बदलांच्या नोंदी पाहिल्या. ताईंचं नाव होतं आणि पुढे टीप होती, ‘फक्त मांडणी’.

“ताई, ही मांडणी नाही. तुम्ही माझा कोड दुरुस्त केलात.”

“डोळ्यांना खुपला, केला.”

“मग तसं लिहा ना.”

“तसं लिहिलं की तीन जणांची मंजुरी लागते. त्यात चार दिवस जातात आणि तिकडे ग्राहक ताटकळतो. मांडणीला कोण विचारतंय? डबा काढ, सुकट आणलीय.”

मग मला सवयच लागली, त्यांच्या नोंदी वाचायची. तुम्हीही कधी वाचल्या असत्या तर चकित झाला असतात. आमच्यापैकी प्रत्येकाच्या चुका त्यांनी गुपचूप काढल्या होत्या आणि सगळ्यांपुढे तेच दोन शब्द लिहिले होते. सगळ्यात जास्त चुका माझ्या होत्या. मी कुणाला सांगितलं नाही. का सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची.

दरम्यान ताईंनी दोन वर्षं संध्याकाळचा क्लास करून प्रोग्रॅमिंगचा कोर्स पुरा केला आणि कोड लिहिणाऱ्या टीममध्ये बदली मागितली. त्याआधी दोनदा मागितली होती. “तुम्ही गेलात तर पानं कोण लावणार?” असं गोड बोलून दोन्ही वेळा त्यांना बसवलं होतं. या वेळी त्या नवीन साडी नेसून आल्या होत्या. शेजारी बसतो म्हणून आमच्या साहेबाने मलाही बोलावलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने समोर नोंदी उघडल्या आणि माऊस फिरवत राहिला. फक्त मांडणी. फक्त मांडणी. फक्त मांडणी.

“ताई, कोडचं काम यात एकही दिसत नाही हो. मी वर काय दाखवू?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबानेही पाहिलं. “तू बाजूलाच असतोस. तुला काही माहितीये?”

त्याच आठवड्यात माझ्या बढतीचं ठरणार होतं. खरं सांगितलं असतं तर माझ्याच चुका एकेक करून उघडाव्या लागल्या असत्या.

“मांडणी फार सुंदर करतात त्या,” मी म्हणालो.

हे वाक्य मला आजही गिळता येत नाही.

दुपारी त्यांनी नेहमीसारखा डबा माझ्यापुढे सरकवला. “जेव. चूक माझी आहे. मीच लिहून ठेवलं होतं ना.” मी जेवलो, याची मला जास्त लाज वाटते.

पुढच्या वर्षी मांडणीचं काम यंत्राकडे गेलं. टिकल्या, मथळे, सगळं आपोआप लागायला लागलं आणि ताईंची जागा रद्द झाली. मला बढती मिळाली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी पेढे वाटले, काचेच्या चौकटीवरून एकदा हात फिरवला आणि गेल्या. दोन दिवसांनी माझ्या एका पानावर त्यांची अखेरची नोंद दिसली. त्या शेवटच्या दिवशीचीच होती. माझ्या कोडमध्ये एक कंस राहिला होता, तो घातलेला. टीप तीच.

त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. उकडलं की माझाही हात काचेकडे जातो.

गेल्या महिन्यात मी फाइली पुसणारं ते जुनं पान उघडलं आणि खाली एक ओळ लिहिली: ‘मूळ कोड माझा होता आणि चुकीचा होता. तो ताईंनी दुरुस्त केला.’ मांडणी म्हणून सरकवता आली असती. मी ती कोडची दुरुस्ती म्हणूनच पाठवली. नियमाप्रमाणे तीन जणांकडे मंजुरीला गेली. दोघांनी अजून उघडलेली नाही.

तिसऱ्याने उघडून विचारलंय, “कोण ताई?”